परक्याचा पाय

पनवेल,
रविवार, २३ जून १९५७

चि. वेणूबायस दादूसचे अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. कारणं सांगायला पुष्कळ आहेत. शाळा उघडली आणि निम्मी मुलं तापाने घरी. आठ शिक्षकांपैकी तिघे अंथरुणात. मीही जावळाहून परतल्यावर पडून होतो, पाण्यावरचा वारा बाधला असावा. पण खरं सांगायचं तर बरा झाल्यावरही मी रोज कागद पुढे ओढून बाजूला सारत होतो. तुझ्याकडून काय उत्तर येईल याची मला भीती वाटत होती. कसली भीती, हे आज नीट लिहिता येत नाही.

ते जावळ मात्र आठवलं की अजून हसू येतं. तापाच्या साथीमुळे बेट बाहेरच्यांना बंद झालेलं, आणि तुझ्या भगवानला अकरावा महिना लागलेला. मामाच्या मांडीवाचून जावळ नाही आणि मामाने तर उतरायचं नाही! शेवटी होडीतच उरकलं. न्हावी गुडघाभर पाण्यात उभा, तू कमरेइतक्या, आणि तुझ्या सासूबाई काठावरून ओरडतायत, "मास्तर, पाय वर घ्या ओ! पाय लागंल!" पंचांनी नियम इतका काटेकोर पाळला की मला त्यांचं कौतुक वाटलं. नियम मीच लिहून दिला होता, म्हणून थोडं माझंही.

आता कामाचं. जगन होडीवाला परवा बंदरावर म्हणाला की तिवरबेटावर सात घरांत ताप आहे. हे कसं झालं? धक्क्यावर लाल बावटा आहे, टपालसुद्धा तुम्ही कडुनिंबाच्या धुरीवर धरून घेता. मग नियम कोणी मोडला?

माझा संशय कोणावर आहे ते सांगतो. इथे बंदरावर आम्ही काही शिक्षक आणि व्यापारी मिळून आल्यागेल्याची चौकशी करतो. साथीच्या गावचा माणूस उतरू द्यायचा नाही, असं ठरलं आहे. शुक्रवारी माझी पाळी असताना एक कातकरी बायकोला घेऊन लहान होडीतून आला. मी विचारलं, "कुठून?" तो म्हणाला, "तिवरबेट." "हिला ताप आहे?" "नाय." मग तिच्याकडे बघून म्हणाला, "हाय. थोरा." माणूस एका प्रश्नाला दोन उत्तरं देतो तेव्हा मी सावध होतो. मी त्यांना परत लावलं. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नाव बुधा सांगितलं. तो तुमच्या मिठागरावरचा का? त्यानेच ताप नेला का? कोणाला कोणत्या तारखेला ताप आला, ते मला तारखेनिशी कळव.

तुझा,
दयाराम

*

तिवरबेट,
ता. २७ जून

रा. रा. दयाराम मास्तर यांस काशिरामचा नमस्कार वि. वि.

आपलं वेणूला आलेलं पत्र धुरीवर धरताना उघडलं गेलं, म्हणून उत्तर मीच देतो. तिला घरकाम फार आहे.

आपला संशय बरोबर आहे. बुधा आमच्याच आगरावर मीठ खेचतो. त्याचा भाऊ शिरढोणच्या बाजूला वाडीत वारला, म्हणून तो ओहोटीला चिखलातून चालत गेला तो १२ तारखेला परत आला. १३ तारखेला पहिला ताप. मग एकापाठोपाठ एक सात घरं. पंचांपुढे उभा केला. मी विचारलं, "गेला होतास?" बोलला, "गेलो होतो." कबूल केल्यावर आणखी काय पाहिजे?

सध्या त्याला आणि त्याची बायको साळू हिला बाहेरच्या बांधावर, पाणी सोडायच्या दाराशी झोपडी आहे तिथे ठेवलं आहे. जेवण लांबून ठेवतो. आम्ही माणसं आहोत.

आता अडचण अशी. आपण लिहून दिलेल्या नियमात दोन कलमं आहेत. बेटावरचा माणूस बाहेर जाऊन आला तर त्याने अकरा दिवस बांधावर राहावं आणि मग घरी यावं. परका आला तर त्याला परत पाठवावं आणि "त्याची वस्तू बेटावर ठेवू नये". काही जण बोलतात, बुधा बारा वर्षं इथे आहे, तो बेटावरचाच. पण त्याचं नाव घरपट्टीत नाही, देवाच्या वर्गणीत नाही, बेटावर त्याचा एक नातेवाईक नाही. तो परकाच. तेव्हा आषाढी पुनवेला, ११ जुलैला, दोघांना बाहेर काढायचं आणि झोपडी जाळायची असं पंचांच्या मनात आहे. बाहेर कुठे जातील ते त्यांनी बघावं.

तसा ठराव चांगल्या भाषेत लिहून पाठवावा. आपल्या अक्षराला बेटावर मान आहे. त्यात एक ओळ हवी की १२ तारखेच्या आधी बेटावर कोणाला ताप नव्हता. म्हणजे मागून कोणी तोंड उघडणार नाही.

आमच्या घरी ताप नाही.

आपला,
काशिराम

*

पनवेल,
३० जून १९५७

रा. रा. काशिरामभाऊ यांस दयारामचा नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. ठरावाचा मसुदा सोबत आहे. आपण सांगितलेली ओळ मात्र मी कोरी ठेवली आहे. तिच्याखाली प्रत्येक घराच्या कर्त्याने सही करावी किंवा अंगठा द्यावा, की माझ्या घरात १२ जूनच्या आधी कोणाला ताप आला नव्हता. सह्यांचा कागद आला की मी ती ओळ लिहीन.

हा तुमच्यावर अविश्वास नाही, असं लिहिणार होतो. पण मग ते खोटं झालं असतं. आपल्या पत्राच्या शेवटी, मी विचारलेलं नसताना, आपण लिहिलंत की आमच्या घरी ताप नाही. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. सासूबाई वेणूबायच्या पत्रात नेहमी आपली एक ओळ लिहवून घेतात, मास्तर बारीक झालात, मास्तर लग्नाचं काय. या खेपेला त्यांचा निरोप नाही. त्या बऱ्या आहेत ना?

आणखी एक विचारतो. नियम लिहिताना "परका" हा शब्द मी घातला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मुंबईहून येणारे चाकरमाने होते. बुधा नव्हता. शब्द माझा असल्यामुळे त्याचा अर्थ विचारण्याचा मला हक्क आहे असं वाटतं. मी होडीत बसून आलो, तुमच्या मुलाला मांडीवर घेतलं, तेव्हा मी परका नव्हतो काय?

दयाराम

*

तिवरबेट
गुरवार, जुलई ४

दादूस,

हा कागद धुरीवर धरलेला नाय. जगनच्या बायकोच्या हातात गुपचूप दिलाय. वाचलास का हात धू आणि चुलीत टाक. माझी तुला शपथ हाय.

तू सह्यांचा कागद मागितलास. यांनी काल सही केली. मी बाजूला उभी होते. सही करताना माझ्याकडे बघितला नाय, मग दिवसभर भगवानला खांद्यावर घेऊन आगरावर फिरत होते.

भगवानला जावळानंतर तिसऱ्या दिवशी ताप आयला. पाच जून. आमाला वाटला, न्हाव्याचा पाणी गार होता, सर्दी झाली. टाळूला तेल लावायला गेले तं हात भाजला. मग आठ तारखेला सासू पडली. बुधा तवा बेटावरच होता, गेलाच नव्हता. सासूकडे बाया बसायला आल्या, कोणी पेज घेऊन आली, कोणी पाय चेपून गेली. त्या बायांच्याच घरात तेरा तारखेपासून ताप लागला. मी मोजला, दादूस. तू शाळेत मना चौथीपर्यंत आणलास, तेवढी मोजणी मना येते.

सासू आता उठली हाय, पण बोलणं सुटलंय तिचा. परवा माझ्या तोंडावर बोलली, "तुझ्या भावाची मांडी गरम होती गो. पाण्यात उतरून त्याच्या मांडीवरनं पोराला घेतला तवाच मना चटका लागला. पण जावळाचं मंगल, तोंडातून वाईट कसा काढू?" म्हणजे तिला तवापासून म्हायत होता. ती मागच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत एका आठवड्यात दोन भाऊ गमावून बसलेली बाई हाय, तरी गप बसली. नातवाचा जावळ ना.

आता तूच सांग. यांनी पंच म्हणून जावळाला परवानगी दिली. लोक तवाच बोललेले, "पंचाच्या घरचा म्हणून चालतंय." यांनी सांगितला, पाय लागला नाय, नियम मोडला नाय. आता कळला का ताप आमच्याच होडीतून आयला, तं आमाला वाळीत टाकतील. विहिरीवर जाऊ देणार नाय. भगवानला कोणी हातात घेणार नाय. सात वर्सांनी झालेला पोर हाय माझा.

तू काय लिहू नको. ठराव दे आणि गप बस.

साळू बरी नाय. मी बांधावर भाकरी ठेवायला जाते, लांबनं. परवा झोपडीच्या जोत्याला पाणी लागलेला. पुनवेचा उधाण अजून यायचा हाय. बुधा बोलला, "वैनी, मास्तर तुमचा भाव ना? साळूला डाक्टरला दाखवायला नेत होतो, त्यानं बंदरावर परत लावला आमाला. त्याला सांगा, मी खोटा नाय बोललो. ती लाजली, म्हणून पयला 'नाय' बोललो."

मी हे तुला का लिहितेय ते मना म्हायत नाय.

वेणू

*

तिवरबेट,
ता. ७ जुलई

मास्तर यांस,

सह्यांचा कागद जगनबरोबर पाठवला आहे. एकतीस घरांच्या एकतीस सह्या आणि अंगठे. पहिली सही माझी. आता ओळ लिहा आणि ठराव नऊ तारखेपर्यंत पाठवा.

जगनच्या होडीतून बेटावरून काहीतरी बिनधुरीचं गेलं आहे असं कानावर आलं. काय ते मी विचारत नाही. तुम्हीही सांगू नका. माझ्या घरात मी कोणावर हात उचललेला नाही आणि उचलणार नाही, ही काळजी करू नका.

तुम्ही विचारलंत, तुम्ही परके नव्हता काय. नाही. तुम्ही पावणे. बायकोच्या भावाला परका म्हणायला आमच्याकडे कोणाची जीभ रेटणार नाही. शिकलेल्या माणसाला हे कळत नसेल तर काय बोलणार.

एकच गोष्ट भाऊ म्हणून सांगतो. बुधाला डोंगर आहे. आज इथून निघाला तर उद्या दुसऱ्या आगरावर, नाही तर भट्टीवर जाईल. आम्हाला बेटाशिवाय काही नाही. मी पंच आहे, नियम मीच केला, पोर माझंच. तुम्ही तिकडे पनवेलला बसून खरंखोटं करता. इथे मला पाणी भरायचं आहे.

काशिराम

*

पनवेल,
मंगळवार, ९ जुलै १९५७

तिवरबेटाच्या समस्त पंचांस दयाराम मास्तरचा नमस्कार वि. वि.

आपण मागितलेला ठराव मी लिहून देऊ शकत नाही. कारण खालीलप्रमाणे.

२ जून रोजी मी भगवानच्या जावळासाठी होडीतून बेटाच्या काठाशी आलो होतो. माझी रोजनिशी माझ्यासमोर आहे. त्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी मी तीत लिहिलं आहे: "पहाटेपासून घसा खवखवतो, अंग मोडून आल्यासारखं. वर्गातल्या तिघा मुलांच्या घरी ताप आहे, त्यांना काल भेटलो होतो. जावळ टाळता येणार नाही." म्हणजे मला संशय होता, आणि मी आलो. त्या रात्री मला जो ताप भरला तो नऊ दिवस होता. मी तो पाण्यावरचा वारा म्हणून सगळ्यांना सांगितला. स्वतःलाही.

माझा पाय बेटाला लागला नाही हे खरं आहे. पण मूल माझ्या मांडीवर अर्धा तास होतं. हा रोग पायातून चढत नाही, श्वासातून जातो. नियम लिहिताना हे मला ठाऊक असायला हवं होतं. शिकलेला म्हणून तुम्ही माझ्याकडून नियम लिहून घेतलात आणि मी पायाचा नियम लिहिला.

तेव्हा ताप बेटावर आणला तो मी, असं समजायला पुरेसं कारण आहे. बुधा १२ जूनला परत आला, मी त्याच्या दहा दिवस आधी येऊन गेलो होतो. जावळाला परवानगी देणाऱ्यांचा यात दोष नाही. मी आजारी आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. शिक्षा द्यायची तर मला द्यावी. साथ संपल्यावरही मला बेटावर येऊ देऊ नये असं ठरवलंत तर मी ते मान्य करीन.

नियमातला "परका" हा शब्द मी मागे घेतो. त्या जागी "बेटावर न राहणारा" असं वाचावं. बुधा बारा वर्षं बेटावर राहतो. त्याचे अकरा दिवस २३ जूनलाच भरले.

हे पत्र सर्वांसमोर वाचावं. याची एक प्रत मी जगनजवळ उघडी देत आहे.

दयाराम

*

पनवेल,
त्याच दिवशी

वेणूबाय,

पंचांचं पत्र या कागदाच्या आधी तुझ्या घरात पोचेल आणि तुझ्या नवऱ्याच्या हातात पडेल; हा कागद मात्र जगनची बायको गुपचूप तुझ्याच हातात देईल. त्यात तुझ्या पत्राची ओळ सोडाच, सावलीही नाही. भगवानला ताप आला असं मी लिहिलेलं नाही, सासूबाईंचं नाव नाही. फक्त माझी रोजनिशी आहे. तरी एकतीस घरांत एक तरी शहाणा असेल, जो विचारील की मग मास्तरच्या मांडीवरच्या पोराचं काय झालं? तेव्हा काशिरामभाऊंची सही खोटी ठरेल. मला हे लिहिताना कळत होतं आणि मी लिहिलं. मी तुझी शपथ मोडली आहे असंच धर.

तू विचारशील, दादूस, तुला स्वतःचं मन स्वच्छ करायचं होतं आणि त्याची झळ मला का? हा प्रश्न मी गेले चार दिवस स्वतःला विचारतोय. काशिरामभाऊ म्हणाले ते खोटं नाही, मी इकडे बसून खरंखोटं करतो आणि पाणी तुला भरायचं आहे. एकदा वाटलं, ती ओळ लिहून टाकावी. बुधाची आणि माझी ओळख अर्ध्या मिनिटाची. लेखणी हातात घेतलीसुद्धा. "१२ जूनपूर्वी बेटावर कोणासही" इथपर्यंत लिहिलं. पुढचा शब्द मला माझ्या अक्षरात बघवेना. याला धैर्य म्हणत असशील तर म्हणू नकोस. २ जूनचं पान माझ्याकडे पहिल्यापासून होतं. तुझ्या नवऱ्याचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी ते उघडून वाचलं, आणि तरी तुम्हाला सह्या मागितल्या. दुसऱ्याच्या घरातला खोटेपणा शोधत होतो, म्हणजे आपलं पान दाखवावं लागू नये. काशिरामभाऊंनी खोटी सही केली ती माझ्या कागदावर.

तुझं पत्र मी चुलीत टाकलं नाही. माझ्या ट्रंकेत आहे, कुलपात. तू तो कागद का लिहिलास ते तुला माहीत नाही म्हणालीस. मला वाटतं, माहीत आहे. पण ते मी सांगायचं नाही.

वाळीत टाकलंच तर भगवानला घेऊन इथे ये. काशिरामभाऊंनाही सांग. ते येणार नाहीत हे मला ठाऊक आहे, पण सांग. खोली लहान आहे, एक बाजू पुस्तकांनी अडली आहे, ती मी मोकळी करीन.

आज संध्याकाळी बंदरावरच्या मंडळींना मी सांगितलं की उद्यापासून मी चौकशीला बसणार नाही. "का हो मास्तर, घाबरलात काय?" असं एकजण म्हणाला. मी म्हटलं, "नाही, उद्या मीच साथीच्या गावची माणसं घेऊन उतरणार आहे. तुम्ही अडवाल." सगळे हसले, मग हसायचे थांबले. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी साळूला बघायचं कबूल केलं आहे, पण ते खाडीत यायला तयार नाहीत, तिला इथेच आणावं लागेल. बंदरावर अडवलं तर आम्ही तिघे होडीतच बसून राहू आणि डॉक्टरांना धक्क्यावर बोलावू. त्यांना ते चालेल. उतरायचं नाही एवढाच इथला नियम आहे, आणि होडीत बसून नियम कसा पाळतात हे मला चांगलं माहीत आहे.

बुधा माझ्याबरोबर येईल का, हे मात्र मला सांगता येत नाही. त्याने का यावं?

पंचांनी हे पत्र वाचून काहीही ठरवो, परवा उधाण आहे. त्याआधी बांधावर पोचलं पाहिजे. बाकीचं मनात खूप आहे, पण ते कागदावर उतरवत बसलो तर पुन्हा तीन आठवडे जातील.

उद्याचं काम एकच: सकाळी आठाच्या आत जगनला गाठून होडी सांगणे, परतीला दोन माणसं जास्त आहेत, त्यातलं एक आडवं निजेल एवढी जागा हवी.

तुझा,
दादूस